गुलाबकलीचे कूळ

खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
९ ऑगस्ट १९५६

चि. तुकोजी यास आशीर्वाद.

हे कामाचे पत्र आहे. चार वर्षांनी लिहितो आहे म्हणून त्यातून दुसरा अर्थ काढू नयेस. तुझा कलकत्त्याचा पत्ता माईच्या शिवणाच्या डब्यात होता. तो तिच्याजवळ आहे हे मला ठाऊक नाही, अशी तिची समजूत होती.

काम गुलाबकलीचे आहे.

तू गेलास तेव्हा हत्तीखान्यात चार जनावरे होती. दोन राजवाड्याच्या वाटणीला गेली, एक मेले. गुलाबकली सरकारी वाटणीत आली, आणि मीही. मी दरोगा होतो तो आता सुपरवायझर झालो आहे. काम तेच आहे. गेल्या हिवाळ्यापर्यंत ती किला गेटपासून वर पाहुण्यांना नेत असे. या उन्हाळ्यापासून ते बंद ठेवले आहे, कारण चढ पूर्वीपेक्षा खराब झाला आहे.

नोव्हेंबरच्या एक तारखेला मध्य भारत हे राज्य संपते आणि सगळा कारभार भोपाळला जातो, हे तुला तिकडे कळलेच असेल. त्याआधी उरल्यासुरल्या मालमत्तेचा निकाल लावायला भटनागर नावाचे अधिकारी नेमले आहेत. माणूस वाईट नाही. हत्तीखान्यात आले, खुर्ची नको म्हणाले, आणि तिच्याकडे बघत उभे राहिले. "जगदाळेसाहब, फ़ाइल तो भोपाल चली जाएगी, हाथी फ़ाइल में कैसे जाए?" नर्मदेकडच्या जंगलातला एक लाकडाचा ठेकेदार ओंडके ओढायला हत्ती मागतो आहे. त्याला देऊन टाकायचे त्यांच्या मनात आहे. मी म्हटले, हिला इथल्या प्राणिसंग्रहालयात ठेवा. ते म्हणाले, "मैं भी बुढ़िया को भेजना नहीं चाहता। पर लिखूँ क्या? इसमें ख़ास क्या है?" बुढ़िया म्हणू नका असे मी त्यांना सांगितले, आणि खास काय आहे ते लेखी देतो असेही सांगितले.

आता नीट वाच. गेल्या दीड वर्षात तिच्या कपाळावरची कड अशी उठून आली आहे की फीलवान मुन्ने खाँचा अंकुश तिच्यावर आडवा टेकून राहतो. दोन्ही कानशिले खोलगट. तू नोकरी करतोस त्या संग्रहालयात नर्मदेच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीची कवटी आहे, तिचे चित्र मी पुस्तकात पाहिले आहे. तिच्या कपाळावर अशीच कड आहे. दुसरे, दाढ. आपल्या हत्तीच्या शेवटच्या दाढेत चोवीसच्या आसपास पट्ट्या असतात. नर्मदेच्या हत्तीला त्याहून कमी, पंधरा-सोळा. गुलाबकलीला पंधरा आहेत. कोपरापर्यंत हात घालून मी स्वतः मोजल्या, दोन्ही बाजूंच्या, वेगवेगळ्या दिवशी. मागे हिरडीत काही दडलेले नाही, दाढ पूर्ण बाहेर आहे, तेव्हा मोजणीत खोट नाही.

पुस्तके म्हणतात, तो नर्मदेचा हत्ती आपल्यापेक्षा कितीतरी थोर होता आणि निर्वंश झाला. मी म्हणतो झाला नाही. आपला हत्ती त्याच्याच पोटचा, आणि गुलाबकलीत ते जुने रक्त अजून दिसते. तुझ्या संग्रहालयाचे नाव छापलेल्या कागदावर एवढेच दोन ओळींत लिहून पाठव. भटनागरसाहेबांना तेवढे पुरे आहे. सातवी शिकलेल्या माणसाच्या म्हणण्याला भोपाळात किंमत नाही, तुझ्या म्हणण्याला आहे.

माई म्हणते, खोकला बरा आहे का ते विचारा. विचारले.

जयसिंहराव जगदाळे


२ सप्टेंबर १९५६

चि. तुकोजी यास आशीर्वाद.

पत्र पोचले. "तीर्थस्वरूप काकांस" असा मायना वाचला. बरोबर आहे. वडिलांना तीर्थरूप, चुलत्याला तीर्थस्वरूप, ही रीत मीच तुला शिकवली. पुढे बोर्डिंगातून तू मला सात वर्षे "तीर्थरूप आबा" असे लिहीत होतास आणि मी ते कधी दुरुस्त केले नाही. हिशेबनिसाच्या एका आकड्याचा पाय मोडलेला दिसला तरी कागद परत पाठवणारा मी. असो.

मी दाखला मागितला, तू लीद कशी आहे ते विचारतोस. विचारलेस तर सांगतो. लिदीत उसाच्या कांड्या अख्ख्या दिसतात. यंदाचा ऊस चिवट आहे. मुन्ने खाँसमोर हे बोललो तर तो म्हणतो, "सरकार, गन्ना तो वही है जो मेरे बच्चे चूस रहे हैं।" मी म्हटले, तुझ्या पोरांना मगरीचे दात आहेत. एरवी हसला असता. दाढेची पुढची कड कशी लागते, असेही तू विचारतोस. गुळगुळीत लागते, पाटीसारखी. वय विचारतोस. सोनपूरच्या जत्रेत सौदागराने सांगितले त्याप्रमाणे धरले तर पन्नाशीच्या आत आहे. सौदागर काय सांगतात ते मला ठाऊक आहे, पण दप्तरी तेच आहे.

"लक्षणे पाहून नाते ठरवणे सोपे असते, म्हणूनच धोक्याचे," असे तू लिहितोस. हे तू मला सांगतोस? माईचे उडदाचे पापड एकामागे एक उभे करून, मधे कणीक भरून, हत्तीची दाढ कशी असते हे तुला कुणी दाखवले? कठीण पट्टी, मऊ थर, पुन्हा कठीण पट्टी. माई ओरडत होती की पापड फुकट गेले. आफ्रिकेचा हत्ती आपल्यासारखा दिसतो आणि बर्फातला तो केसाळ मॅमथ अस्वलासारखा, पण दाढा उघडून बघ, आपला हत्ती मॅमथच्या शेजारी बसतो आणि आफ्रिकेचा लांब जातो. हे मी सांगितले तेव्हा तू चड्डीत होतास. फीलवान लोक कुमेरिया, दोअसला, मिरगा अशा हत्तींच्या जाती लावतात, त्या नुसत्या बांध्याच्या. कुमेरिया म्हणजे भरलेला, मिरगा म्हणजे सडसडीत, दोअसला मधला. एकाच हत्तिणीचे एक पोर कुमेरिया निघते, दुसरे मिरगा. तोंडावळ्यावर जाऊ नये, दाढेवर जावे, हे वाक्य माझे आहे.

१९५२ सालच्या गोष्टीबद्दल तू काही लिहिले नाहीस. मीही लिहिणार नाही. फक्त कुठे चुकीचे सांगितले जाऊ नये म्हणून एवढे नमूद करतो. तुझे वडील संभाजीराव माझे धाकटे भाऊ. ते रिसाल्यात घोड्याखाली सापडून गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, वहिनी आधीच गेल्या होत्या. मी तुला दत्तक घेण्याचा अर्ज त्याच साली दरबारात दिला. आपल्यासारख्या इनामदार मानकऱ्यांत दरबारच्या मंजुरीशिवाय दत्तक होत नाही. आधी नजराणा, मग शिक्का, मग होम. अर्ज फिरत राहिला. मधे लढाई आली. मग दरबारच विलीन झाला, आणि नव्या सरकारने कळवले की असे खाते अस्तित्वात नाही. मग इनामही गेले. तू म्हणालास, "आबा, आता इनामच नाही तर मंजुरी कशाला पाहिजे? भटजींना बोलवा आणि चार माणसांत करून टाका." मी म्हटले, कच्चे काम मी केलेले नाही आणि करणार नाही. तू म्हणालास, "मग मी या घरात कोण?" मी जे होते ते सांगितले. पुतण्या. त्या दिवशी ते खरे होते. खरे सांगितल्याबद्दल मला कुणी बोल लावू नये.

बहादूर हत्ती गेला तेव्हाचे तुला आठवते का? हत्ती पुरला की डोक्याशी शेवटची मूठ दरोग्याच्या मुलाने घालायची, तोवर काम पुरे झाले असे हत्तीखान्यात म्हणत नाहीत. फीलवानांनी तुला पुढे केले. दोन्ही हातांची ओंजळ करून तू माती टाकलीस आणि सदरा घाण केलास. मी तिथेच उभा होतो. तुला अडवले नाही.

दाढेचा ठसा मागतोस तो पाठवतो. मग तरी दाखला दे.

जयसिंहराव


१६ ऑक्टोबर १९५६

चि. तुकोजी यास आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात ठसा आहे. कसा घेतला ते लिहितो, कारण तुमच्या शास्त्रात कृती सांगावी लागते.

तिच्या रोजच्या रातिबाची कणीक घट्ट मळून वीटभर रोट केला आणि मुन्ने खाँने तो तिच्या दाढेवर दाबून धरायचा असे ठरवले. पहिला रोट तिने गिळला. दुसराही गिळला. मुन्ने खाँ म्हणाला, "सरकार, इसे दाँत का नक़्शा नहीं, रोटी चाहिए।" तिसऱ्यात मी कडू जिरे घातले, तेव्हा तिने चावून तोंड वाकडे केले आणि तेवढ्यात आम्ही तो बाहेर ओढला. गणपती करणाऱ्या मूर्तिकाराकडून प्लास्टर आणून त्यात ओतले. त्याने विचारले, कुठल्या देवाचा साचा आहे? मी म्हटले, तुझ्याच.

तिने कणीक फार आवडीने खाल्ली, हे मला नमूद केले पाहिजे. ऊस हल्ली सोंडेत धरते, फिरवते आणि खाली ठेवते.

परवा दसरा झाला. मिरवणूक नव्हती. पहिल्या हत्तीवर झूल घालण्याचा मान आपल्या घराचा, तो कुणी काढूनही घेतलेला नाही आणि कुणी विचारतही नाही. मी सकाळी झूल घेऊन गेलो आणि हत्तीखान्यातच तिच्या पाठीवर घातली. माईने ओवाळले. झूल यंदा दोन्हीकडे हातभर खाली लोंबली. जुने कापड सैल पडते. गुलाबकली मात्र मान ताठ करून उभी होती, जणू बाहेर बँड वाजतो आहे. मुन्ने खाँ तोंड फिरवून तिचे पाय चोळत बसला.

भटनागरसाहेब दर आठवड्याला निरोप पाठवतात. ठेकेदाराचा माणूस दिवाळीनंतर येणार आहे. तेव्हा उशीर करू नकोस. नर्मदेच्या हत्तीची लेक नर्मदेकडे ओंडके ओढायला जावी, हे तुला तरी बरे वाटेल का?

जयसिंहराव


५ नोव्हेंबर १९५६

तुकोजी,

दिवाळी आणि नवे राज्य एकाच आठवड्यात झाले. आमच्या आळीतली तीन घरे कुलपे लावून भोपाळला गेली. कारकुनांच्या बायका रडल्या, कारकुनांना घर मिळेल की नाही याची काळजी होती. अशात तुझे पत्र आले.

ते मी इथे उतरवतो, म्हणजे आपण काय लिहिले हे तुला पुन्हा वाचता येईल.

"पुढची कड पाटीसारखी लागते, कारण ती झिजून गेली आहे. पंधराच्या पुढे ज्या पट्ट्या होत्या त्या तिने आयुष्यभर चावून संपवल्या. मागे हिरडीत काही नाही, कारण आता मागून काही येणारच नाही. ही तिची सहावी दाढ आहे. कपाळाची कड उठलेली नाही, तिच्या भोवतालचे मांस गेले आहे. कुळाचे लक्षण दीड वर्षात येत नसते. आबा, ती वेगळ्या कुळाची नाही. ती म्हातारी आहे आणि तिला खाता येत नाही."

हत्तीला आयुष्यात सहा वेळा दाढा येतात, सातव्यांदा येत नाहीत, आणि सहावी झिजली की तो भरल्या चाऱ्यापुढे उपाशी मरतो, हे मी तुला शिकवले. ते तू मला टपालाने परत पाठवलेस.

शिवाय पुढे लिहितोस की नर्मदेचा हत्ती आपल्या हत्तीचा पूर्वज म्हणता येत नाही. दाढा जराशा सारख्या, पण कवटीची घडणच निराळी. आपल्या हत्तीचा मूळपुरुष बहुधा शिवालिकच्या टेकड्यांत सापडतो तो, आणि नर्मदेचा ही बाजूची शाखा. म्हणजे चुलता. सगळा हिंदुस्थान ज्याच्या पायाखाली होता तो चुलता, आणि त्याच्यामागे कुणी नाही. तू हे हाडांबद्दल लिहिले आहेस, हे मला कळते. इतका मी अडाणी नाही.

आणि मला न विचारता तू भटनागरसाहेबांना परस्पर पत्र घातलेस. त्यात काय लिहिले ते मला सांगायचीही गरज तुला वाटली नाही. मी तुझ्याकडे तिच्यासाठी दोन ओळी मागितल्या होत्या. तू तिचा मृत्यूचा दाखला लिहिलास.

माई म्हणाली, "त्याने 'आबा' लिहिलंय, वाचलंत का?" मी म्हटले, घाईत लिहिले असेल. ती म्हणाली, "घाईतच खरं येतं." तिला हत्तीतले काही कळत नाही.

उत्तर पाठवू नकोस.

ज. जगदाळे


९ डिसेंबर १९५६

चि. तुकोजी यास आशीर्वाद.

उत्तर पाठवू नकोस म्हटले तरी तू पाठवलेस. हा हट्ट तुझ्यात संभाजीरावांकडून आला असेल. माई म्हणते, त्यांचा स्वभाव गरीब होता.

घडले ते क्रमाने लिहितो. ठेकेदाराचा माणूस आला. भटनागरसाहेबही आले, त्यांच्या हातात तुझे पत्र होते. मी दूर उभा राहिलो. त्या माणसाने मुन्ने खाँला तिचे तोंड उघडायला लावले, आत पाहिले, बोट फिरवले आणि हात धोतराला पुसला. "बाबूजी, ये मेरा काम क्या करेगी, मुझे इसका करना पड़ेगा।" तो गेला. भटनागरसाहेब मला म्हणाले, "लीजिए जगदाळेसाहब, ख़ास बात निकल आई। अब इसे कोई नहीं लेगा।" मग त्यांनी तुझे पत्र मला वाचायला दिले. या हत्तिणीकडून काम करून घेणे शक्य नाही, हलवली तर वाटेतच पडेल, जिथे आहे तिथेच मऊ खाणे देऊन, ओळखीच्या माणसांत राहू द्यावे. खाली तुझी सही. कुळाचा उल्लेख नाही. भटनागरसाहेबांनी त्यावरच शेरा मारला आणि ते भोपाळला गेले.

गुलाबकली इथेच राहिली. माझ्या दाखल्याने राहिली असती की नाही, सांगता येत नाही. दाखला पाहूनही त्या माणसाने तोंड उघडलेच असते, एवढे मला मान्य केले पाहिजे.

आता तिचे सांगतो. ऊस चरकातून काढून रस देतो. दलिया रात्रभर भिजवून, गूळ घालून, गोळे करून भरवतो. माई रोज भाताची पेज करते. मुन्ने खाँ म्हणतो, "माई साहब ने तो बहू की सेवा सास से करा दी।" माई त्याला झाडूने मारायला धावली. पण पोट भरत नाही. एवढ्या देहाला पेजेने काय होणार? दुपारी ती भिंतीला टेकून उभी राहते. बसत नाही. बसले तर उठणार नाही, हे तिला समजले आहे असे मला वाटते.

मला माहीत नव्हते असे तू समजू नकोस. आणि माहीत होते असेही समजू नकोस. मी रोज तिच्या तोंडात हात घालत होतो. हाताला जे लागत होते त्याचे काहीतरी थोर नाव असावे असे मला वाटत होते.

तू लिहितोस की ती नर्मदेची कवटी तुझ्याच खोलीत आहे, रोज सकाळी तूच तिच्यावरची धूळ पुसतोस आणि शिपायाला हात लावू देत नाहीस. पत्रातले बाकी सगळे मी माईला मोठ्याने वाचून दाखवले. हे वाक्य वाचले नाही. ते माझ्याजवळ ठेवले आहे.

थंडी वाढली आहे. तिकडे नसते म्हणतात. तरी गळ्याला गुंडाळत जा.

जयसिंहराव


१८ जानेवारी १९५७

चि. तुकोजी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. तारेत लिहिता येत नाही ते लिहितो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गुलाबकली बसली. सकाळची वेळ होती, ऊन अंगणात आले होते. आधी मागचे पाय मोडले, मग पुढचे, झूल घालताना हुकूम दिल्यावर बसायची तशी, सावकाश. मुन्ने खाँने हुकूम दिलेला नव्हता. तो तिच्या कानाशी बसून राहिला आणि तिला रागे भरत होता, "उठ बेग़ैरत, लोग क्या कहेंगे।" माईने तिळाचा लाडू कुस्करून दुधात कालवला आणि सोंडेत घातला. तो तिने तोंडापर्यंत नेला. गिळला की नाही, माहीत नाही. दुपार कलायच्या आत ती गेली.

डोळा मिटायला माझा हात पुरला नाही, दोन्ही लावावे लागले.

दाढ मी काढून घेतली नाही. तुझ्या संग्रहालयाला हवी होती हे मला समजते, आणि शास्त्राच्या दृष्टीने घ्यायला हवी होती. कुऱ्हाड आणवली होती. मुन्ने खाँने माझ्याकडे पाहिले आणि मी ती परत पाठवली. ठसा तुझ्याकडे आहे. त्यावर नाव घालशील तेव्हा एवढेच घाल: आपला नेहमीचा हत्ती, मादी, म्हातारी, ग्वाल्हेर. कुळाबद्दल माझे काही म्हणणे उरले नाही.

हत्तीखान्यामागच्या चिंचेखाली, बहादूरच्या शेजारी खड्डा घेतला. जुने फीलवान सगळे आले. जे आता टांगे चालवतात, कापडाच्या गिरणीत कामाला जातात, ज्यांना मी कामावरून कमी केल्याचे कागद दिले होते, तेही आले. मीठ घातले, चुना घातला, आणि आळीपाळीने माती ओढली. ढीग वर आला तेव्हा सगळे थांबले. मला वाटले, दमले. मी म्हटले, चला, उरकू या, ऊन जाईल.

मुन्ने खाँ म्हणाला, "आख़िरी मुट्ठी साहबज़ादे की है।"

मी म्हटले, तो कलकत्त्याला आहे.

"तो आएँगे।"

तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर सांगितले. कारण हत्तीखान्याची रीत मोडली असे माझ्या नावावर नको होते. मी म्हटले, मुन्ने खाँ, रीत दरोग्याच्या मुलाची आहे. त्याचा कागद झालेला नाही. अर्ज दिला होता, मंजुरी आली नाही, आणि आता येणारही नाही.

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला खरोखरच समजले नव्हते. मग म्हणाला, "कौन-सा काग़ज़, सरकार?"

मी बाकीच्यांकडे पाहिले. त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मी ज्या मंजुरीची वाट पाहत होतो, ती कुणी मागितलीच नव्हती. मी फावडे भिंतीला लावून ठेवले आणि घरी आलो.

माईला सांगितले. तिने नुसते विचारले, "मग लिहिणार ना?" म्हणून लिहितो आहे.

ढीग पूर्ण आहे. डोक्याच्या बाजूला एक ओंजळभर खळगा ठेवला आहे. मुन्ने खाँ रोज संध्याकाळी त्यावर फरशीचा तुकडा झाकतो, कुत्री उकरतात म्हणून, आणि सकाळी काढतो. बाजूची माती त्याने चाळून वेगळी ठेवली आहे. बाकी काम झाले आहे.

सदरा जुना घालून ये.

तुझा
आबा